फुंकरीवर उभं केलेलं विश्व

गंगाबाईनं छत्तीस वर्षं बाहुल्यांची बुडं भरली.

तंजावरची बाहुली ढकलली की आडवी होते, सोडली की उठून उभी राहते. लोक तिचा चेहरा बघतात, साडीचे काठ बघतात, राजा असला तर मिशा बघतात. पण ती उठते ती बुडामुळं. वर कागदाच्या लगद्याचं पातळ कवच, खाली गच्च दाबलेली माती. माती कमी पडली तर बाहुली लोळते. जास्त झाली तर ढिम्म हलत नाही. एका अंगाला सरकली तर प्यालेल्या माणसासारखी तिरकी उभी राहते. रंगकाम करणाऱ्या बायकांचं कौतुक व्हायचं. बुडाचं कौतुक कुणी करत नाही, कारण बूड चांगलं असलं तर ते कुणाच्या लक्षातच येत नाही. गंगाबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. काम नीट झालं की नाही, हे तिला कळायचं. तेवढं पुरे होतं.

कारखान्यात रामस्वामी नावाचे मेस्त्री होते. प्रत्येक बाहुली ते फळीवर ठेवत आणि चार बाजूंनी चार टिचक्या मारत. चारही वेळा उठली तर पुढं. एकदा जरी कचरली तरी हातानं फोडून माती परत पिंपात. शिव्या देत नसत, समजावतही नसत. फोडत आणि पुढची घेत.

त्रेसष्टाव्या वर्षी गंगाबाईच्या बोटांची पेरं सुजली, मुठीत माती आवळेना. तिनं आपणहून काम सोडलं. मेल वीथी या रस्त्याच्या मागच्या गल्लीत घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची नणंद कनकलता. कनकलता सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, तोंडानं तिखट आणि अक्षरानं सुंदर. वडिलांनी पोथ्या वाचायला शिकवलं म्हणून गल्लीत देवनागरी वाचू शकणारी ती एकटीच. बाकीच्यांची भाषा मराठी, पण लिहायचं झालं तर तमिळ अक्षरात. गंगाबाईचंही तसंच.

रिकामं बसणं गंगाबाईला जमेना. एका दुपारी तिसऱ्यांदा करंट गेला, पंखा थांबला, आणि पुट्टू विकणाऱ्या वासुकीच्या घरचं नळाचं पाणी मात्र बंद न होता गल्लीभर वाहत होतं. गंगाबाई पदरानं वारा घेत म्हणाली, “कनका, हे जग नव्या हाताचं काम आहे.”

“म्हणजे?”

“बघ की. पाणी हवं तेव्हा नाही, नको तेव्हा दारात. ऊन इथं ओतलंय, सावली तिकडं सांडलीय. हे थोरल्या देवांनी केलेलं नाही. उमेदवारीला लागलेल्या पोरांनी केलंय. मेस्त्री जेवायला गेले असणार, आणि बिनतपासणीचं बाहेर पडलं.”

कनकलता इतकी हसली की काफी साडीवर सांडली. गंगाबाईनं दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली.

अशी ‘देवांची उमेदवारी’ सुरू झाली. तीन तरुण देव एका कारखान्यात विश्वं करायला शिकतात. थोरला तुंदू आळशी. त्यानं सगळे समुद्र वरच्या अंगाला ठेवले, कारण खाली वाकायचा कंटाळा. विश्व उलटलं आणि पुढची तीन युगं माशांचा पाऊस पडला. मधला झटकू घाईचा. त्यानं सावली करायच्या आधीच सूर्य टांगला, आणि ओले डोंगर तडतड फुटले. धाकटी मिरी हुशार, पण तिला पहिल्याच फटक्यात सगळं सुंदर हवं. ती फुलपाखरांचे पंख रंगवत बसे आणि जमीन करायची राहून जाई. त्यांच्यावर मेस्त्रीदेव. ते येत, टिचकी मारत, विश्व पडे, ते फोडून माती पिंपात टाकत. आपली माती अशी सात वेळा मळलेली आहे, म्हणून माणसाला स्वप्नात कधी न पाहिलेले मासे दिसतात, असं गंगाबाईनं सहाव्या प्रकरणात लिहिलं होतं. कनकलतेनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि काही बोलली नाही. कनकलता बोलत नाही म्हणजे काम पास.

खरी तपासणी मात्र वाणीची. वाणी कारखान्यात डोळे रंगवायची. आता ओरत्तनाडूला मुलाकडं राहायची आणि शनिवारी बसनं तंजावरला यायची. दोघी बाहेरच्या ओट्यावर बसत. गंगाबाई प्रकरण वाचून दाखवी. वाणी पान चघळत ऐके. हसली तर हसली. न हसता “पुढं?” म्हणाली तरी चाले. गप्प राहून गल्लीतल्या म्हशीकडं बघायला लागली की गंगाबाई पानं फाडून बादलीत भिजत घाली. दोन वर्षांत बारा प्रकरणं उरली. फाडलेली किती, ते विचारू नये.

त्या वर्षी भाद्रपदात कनकलता बातमी घेऊन आली. गावातल्या मराठी कुटुंबांचं एक मंडळ होतं. नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलु बघायला बायका एकमेकींकडं जातात, निघताना त्यांना पानसुपारी आणि एखादी भेटवस्तू देतात. मंडळानं दीडशे घरांसाठी एकच भेट ठरवायची होती. मंडळाचे चिटणीस वरुणराव म्हणाले होते की पुस्तक देऊ. आपल्या भाषेतलं, आपल्या बाईनं लिहिलेलं, तमिळ अक्षरात छापलेलं.

“दीडशे घरं, वैनी!” कनकलता चपला न काढताच सांगत होती. “सतीशकुमारच्या प्रेसला दिलं तर वेळेत होतं. पण पौर्णिमेला सगळं त्याच्या हातात हवं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय ना तुमचं?”

तेवढंच राहिलं होतं. गंगाबाईनं ते चार दिवसांत लिहून टाकलं. मिरीचं विश्व शंभराव्यांदा पडतं. ती रडते. मग सगळ्यांत थोरले देव स्वतः खाली येतात, विश्वावर हळूच फुंकर घालतात, आणि ते उभं राहतं. कनकलतेनं ते रातोरात नव्हे, पण दोन दुपारींत संगणकावर उतरवलं. वरुणरावांनी वाचून निरोप पाठवला की शेवट फार मंगल झाला आहे.

पौर्णिमेला तीन दिवस होते. शनिवार होता. वाणी आली. गंगाबाईनं शेवट वाचला.

वाणी म्हशीकडं बघत नव्हती. ती गंगाबाईच्या हातांकडं बघत होती.

“फुंकरीनं?” ती म्हणाली.

“थोरल्या देवांची फुंकर आहे ती.”

“कुणाची का असेना. गंगक्का, छत्तीस वर्षांत फुंकरीनं उठलेली एक बाहुली दाखव मला.”

“अगं, देवांची गोष्ट आहे.”

“तूच सांगितलंस ना की ते कारखान्यात आहेत? शंभर वेळा पडलं. का पडलं? ते त्या पोरीला कळलं का? नाही. कुणी मोठा आला, फू केलं, झालं. हेच करायचं होतं तर पहिल्याच पानावर करायचं. मला बसभाडं पडलं नसतं.”

आतून कनकलता आली. “वाणी, वेळ बघ ना जरा. तीन दिवसांत फाईल द्यायचीय.”

“दे की. मी कोण नको म्हणणारी? मी डोळे रंगवणारी.”

वाणी चारच्या बसनं गेली. गंगाबाई ओट्यावर बसून राहिली. ती सहासष्ट वर्षांची होती. या गावात तिची भाषा वाचणारे किती उरले, ते तिला ठाऊक होतं. मुलांना कळतं, पण ती उत्तर तमिळमध्ये देतात. दीडशे घरांत एकदम पुस्तक जाणार, आणि तेही कोलुच्या दिवसांत, सगळे घरी असताना. असा योग पुन्हा यायचा नाही. पुढच्या वर्षी मंडळ दुसरं काही ठरवील. पुढच्या वर्षी आपण असू की नाही, हेही होतंच.

आणि वाणी बरोबर होती. हे गंगाबाईला फुंकर लिहिताना, त्या क्षणीच कळलं होतं. हाताला कळतं. माती कमी भरली की अंगठा आत जातो. तो गेला होता, आणि तिनं वरून कवच चिकटवून टाकलं होतं.

संध्याकाळी तिनं कनकलतेला सांगितलं, “शेवट देऊ नकोस. मला पंधरा दिवस लागतील.”

“पंधरा दिवसांनी नवरात्र उजाडेल, वैनी!”

“उजाडू दे.”

“मग मंडळ स्टीलच्या वाट्या देईल. वरुणरावांनी तसं सांगूनच ठेवलंय. वाट्या!”

“वाट्या उभ्या तरी राहतात.”

“लोकांना कळणारसुद्धा नाही शेवटात काय कमी आहे ते.”

“आज नाही कळणार,” गंगाबाई म्हणाली. “उन्हात वाळवलेलं बूड पहिल्या दिवशी ताठ असतं. महिन्यानं माती आक्रसते, कवचापासून सुटते, आणि बाहुली मान टाकते. तोवर गिऱ्हाईक घरी गेलेलं असतं. दीडशे घरांत तसला माल मी पाठवणार नाही.”

त्या दिवसापासून कनकलता तिच्याशी तमिळमध्येच बोलू लागली. घरात राग आला की ती तमिळमध्ये बोलते. मराठीत तिला रागावता येत नाही. पौर्णिमा गेली. वाट्यांची ऑर्डर गेली.

इकडं गंगाबाईला शेवट सुचत नव्हता. मिरीचं विश्व का पडतं, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. डोक्यानं काही निघेना, तेव्हा तिनं हातांना विचारायचं ठरवलं. जुना एक साचा माळ्यावर होता. बादलीत फाडलेल्या पानांचा लगदा होताच. पिठाची खळ शिजवली, कवच काढलं. माती आणवली. सुजलेल्या बोटांनी बूड भरायला तिला पूर्वी जेवढा वेळ लागे त्याच्या सहापट लागला. मधे दोनदा हात कोमट पाण्यात धरून बसावं लागलं. बूड भरून झालं तेव्हा तिनं बाहुली खिडकीत सावलीला ठेवली.

सावलीत वाळायला वेळ लागतो. हे तिला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टिचकी मारली. बाहुली कलंडली. दुपारी मारली. कलंडली. तिसऱ्या दिवशी ती जरा दाबून बघायला गेली आणि ओलं बूड तिच्याच अंगठ्यानं एका बाजूला बसलं.

“अगं रांडे,” गंगाबाई स्वतःला म्हणाली.

छत्तीस वर्षं बूड भरलं की फळी पुढं जायची. वाळवणारे दुसरे होते. तिच्या समोर कायम पुढची बाहुली असायची, त्यामुळं थांबणं हे काम तिला कधी करावंच लागलं नव्हतं. तीन तरुण देवांनाही तिनं ते दिलं नव्हतं. बारा प्रकरणं ते मळत होते, दाबत होते, रंगवत होते, पाडत होते. विश्व वाळेपर्यंत हात बांधून बसायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं दुसरं बूड भरलं. या वेळी खिडकीला पडदा लावला आणि कनकलतेला सांगितलं, “मी तिकडं गेले तर मला हाक मार.”

“मी काय पोलीस आहे?” कनकलता तमिळमध्ये म्हणाली. पण हाक मारायची. दिवसातून आठ-आठ वेळा मारायची.

मग चार दिवस पावसाची झड लागली. हवा ओली. पाचव्या दिवशी पडदा सरकवला तर कवचाच्या एका अंगावर हिरवट-करडी लव उगवली होती. बुरशी. खळीत मोरचूद घालायचं राहून गेलं होतं. बाहुल्यांच्या कारखान्यात नवी पोरसुद्धा ही चूक करत नाही. गंगाबाईनं फडकं उचललं.

आणि फडकं हातात तसंच धरून ती हसायला लागली.

“काय झालं?” कनकलता धावत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मराठीत बोलली. “वैनी, पुसा की ते. सगळ्या अंगभर पसरेल.”

“पसरेल,” गंगाबाई म्हणाली. “तेच तर. वही कुठं आहे माझी?”

नवरात्राचे पहिले दिवस घरोघरी वाट्या वाटण्यात गेले. वाट्या चांगल्या जाड होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. गंगाबाईच्या घरीही सात पायऱ्यांचा कोलु होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी बायका आल्या. कनकलतेनं सगळ्यांना चण्यांची उसळ दिली. वाणी शनिवार नसताना आली होती. प्रेसवाल्या सतीशकुमारची बायको विनुताही होती. तिशीतली, बँकेत काम करणारी. घरात मराठी ऐकत वाढलेली, पण चुकेल आणि म्हाताऱ्या हसतील या धास्तीनं तोंडातून मराठी शब्द न काढणारी.

“मामी, पुस्तकाचं काय झालं?” तिनं तमिळमध्ये विचारलं.

“पुस्तक नाही. शेवट आहे. ऐकायचा?”

गंगाबाईनं वही उघडली. आधी थोडक्यात सांगितलं की तीन देव आहेत, मेस्त्री आहेत, विश्व पडत राहतं. मग वाचलं.

“मेस्त्रीदेवांनी विश्व सावलीत ठेवलं आणि म्हणाले, ‘आता बसा.’ तुंदूला आनंद झाला. बसणं हे काम आहे हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण दोन युगांत त्यालाही मुंग्या आल्या. झटकूनं आपल्याच पायांना दोरी बांधून घेतली. मिरी दहा वेळा उठली आणि दहा वेळा बसली. त्यांनी काही न करण्यात जेवढे कष्ट घेतले, तेवढे बारा प्रकरणांत घेतले नव्हते.

“एका सकाळी मिरी बघते तर विश्वाच्या एका अंगाला हिरवी लव आलेली. तिनं कपाळावर हात मारला आणि फडकं उचललं. तेवढ्यात लवेतून आवाज आला, ‘अय्यो, इतक्या सकाळी केर काढताय? आत्ता कुठं डोळा उघडला होता.’

“मिरीनं मेस्त्रींना बोलावलं. ‘मी हे केलं नाही. वाळत ठेवलं होतं, आपसूक आलं.’

“मेस्त्री वाकले. आतून बारीक आवाज येत होते. ‘हे वरचं निळं कुणी दिलंय? हात सारखा फिरलेला नाही.’ ‘आणि ही नदी बघा, नको तिथं वळवलीय.’

“‘बुरशी आहे,’ झटकू म्हणाला. ‘पुसायला हवी.’

“‘थांब,’ मेस्त्री म्हणाले. ‘दोष काढतेय. म्हणजे कामातलं काही कळतं तिला.’ आणि त्यांनी चार बाजूंनी चार टिचक्या मारल्या. विश्व आडवं झालं. आतून शिव्या ऐकू आल्या. मग ते उठून उभं राहिलं.”

बायका हसल्या. वाणी हसली नाही. विनुता मात्र पुढं सरकून बसली होती.

“पण मामी, असं कसं?” ती म्हणाली. “ते लोक आत आहेत, तर त्यांना लागलं ना? टिचकी मारायच्या आधी त्यांना सांगायला नको?”

विनुता मराठीत बोलली होती. तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं, आणि कुणी आणून दिलं नाही.

“सांगितलं तर काय झालं असतं?” गंगाबाईनं विचारलं.

“ते धरून बसले असते कशाला तरी. मग पडलंच नसतं. मग उठतं का नाही, हे कसं कळणार?” विनुता स्वतःशीच विचार करत म्हणाली. “नाही, नकोच सांगायला. पण मेस्त्रींनी नंतर विचारायला पाहिजे. लागलं काय म्हणून. एवढं तरी.”

“एवढं तरी पाहिजे,” वाणी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. “ही पोर बरोबर बोलते. तिथं जरा सैल आहे, गंगक्का.”

गंगाबाईनं पेन्सिल घेतली आणि सगळ्यांसमोर समासात लिहिलं.

नवव्या दिवशी सरस्वतीची पूजा. त्या दिवशी गावातली हत्यारं, यंत्रं, पुस्तकं सगळी पूजेला बसतात. कुणी काम करत नाही. दहाव्या दिवशी, विजयादशमीला, पहिलं काम सुरू करतात, आणि ते काम चांगलं असावं लागतं, कारण वर्षभराचा हात त्यावर ठरतो. पूजेच्या दिवशी दुपारी सतीशकुमार कुंकवाचं बोट कपाळाला लावून दारात आला.

“मामी, घरात चार दिवस भांडण चाललंय,” तो म्हणाला. “विनुता म्हणते, बुरशीला लागलं का हे मेस्त्रींनी विचारलं पाहिजे. आई म्हणते, मेस्त्री कधी विचारत नाहीत. मी मधे. मी तर ती गोष्ट ऐकलेलीसुद्धा नाही.”

“मग?”

“दरवर्षी विजयादशमीला मी लग्नपत्रिकेनं मशीन सुरू करतो. यंदा मुहूर्त नाहीत, पत्रिकाच आली नाही. पहिलं काम म्हणून तुमची सोळा पानं काढू का? बाकीची हळूहळू काढू. पोंगलपर्यंत पुस्तक उभं राहील.”

“हळूहळू चालेल,” गंगाबाई म्हणाली. “पण अर्धवट नको.”

कनकलता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा छापायच्या पानांची प्रुफं हातात होती. पहिल्या सोळा पानांतल्या बारा चुकांवर लाल खुणा केलेल्या होत्या.

विजयादशमीला सकाळी प्रेसमध्ये यंत्राला चंदन-कुंकू लागलेलं होतं. कागद आत गेले आणि पलीकडून छापलेले बाहेर आले. तमिळ अक्षरं, मराठी बोलणं. सतीशकुमारनं गंगाबाईला आणि वाणीला खुर्च्या दिल्या.

“बसा, मामी. तुमचं काम झालं.”

“कागद दुमडणार कोण?”

“माझी माणसं उद्या येतील.”

“उद्या कशाला?” गंगाबाईनं खुर्ची बाजूला सारली आणि टेबलापाशी उभी राहिली. वाणीनं पदर खोचला. कागद मधोमध दुमडायचा, पुन्हा आडवा, पुन्हा एकदा, कडेला कड भिडवून. गंगाबाईची बोटं लवकर दुखायला लागली. ती तळव्यानं घडी बसवू लागली.

वाणीनं तिची एक घडी उचलली, उजेडाकडं धरली, उलगडली आणि परत तिच्यापुढं ठेवली.

“पुन्हा,” ती म्हणाली.

गंगाबाईनं कागद सरळ केला आणि पुन्हा दुमडला.